एक घरभेट बाकी

एप्रिल लागला की चिखलीच्या गल्ल्यांतून कनीज मुलाणीची पांढरी स्कूटी फिरू लागायची, आणि ती दिसली की बायका लगबगीनं घरात शिरून केर काढायच्या. काही जणी बरोबर उलटं करायच्या. काढलेला केरही तसाच राहू द्यायच्या. गरिबी दाखवावी कशी, याबद्दल प्रत्येकीचं आपलं मत होतं.

कनीज घरभेटीचं काम करायची. संत तुकाराम नगरात सुमनताई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेनं आपल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत एक छोटी संस्था काढली होती. आरटीईच्या सोडतीत ज्यांचा नंबर लागत नाही, अशा कष्टकरी घरांतल्या मुलांची खासगी शाळेतली फी संस्था भरायची, थेट दहावीपर्यंत. अर्ज दीडशेच्या वर यायचे आणि जागा असायच्या वीस-बावीस. उरलेल्यांना गाळायचं कसं, हे घरभेटीवर ठरायचं. कनीजनं घरी जायचं, पंधरा मिनिटं बसायचं, चार प्रश्न विचारायचे आणि लिहायचं.

ती मंचरजवळच्या खेड्यातली, बारावी झालेली. लग्न होऊन चिखलीत आली तेव्हा नवऱ्यानं, इकबालनं, साने चौकात दुचाकी दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी सिदरा याच संस्थेच्या पैशांवर शिकली. ती तिसरीत असताना सुमनताईंनी कनीजला विचारलं, "तू वस्तीतली आहेस, माणसं ओळखतेस. मदत करशील?" त्याला आता अकरा वर्षं झाली. सिदरा बी.फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि कनीजची नजर अशी तयार झाली होती, की दारातल्या चपला बघून ती घरात माणसं किती आणि कमावती किती हे सांगायची.

तीन वर्षांपूर्वी मात्र ती चांगलीच फसली. जाधववाडीतल्या एका बाईनं रडून रडून फी मिळवली आणि सहा महिन्यांनी तिच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या निघाल्या. कनीजला ते फार लागलं. बैठकीत ती तावातावानं म्हणाली होती, "ताई, जो लपवेल तो कायमचा बाद. दुसरी संधी नको. एकाच्या खोट्यापायी दुसऱ्या लेकराची जागा जाते." नियम झाला. पुढे हिंजवडीच्या एका कंपनीत काम करणारा रविराज शनिवारी संस्थेत येऊ लागला, त्यानं सगळे फॉर्म टॅबवर आणले, तेव्हा शेवटचा रकानाही तोच ठेवला: माहिती लपवल्याचं आढळलं का? तिथं 'होय' दाबलं की ते घर यादीतून उडायचं, पुन्हा कधीच न येण्यासाठी.

यंदाच्या एप्रिलात, एका शुक्रवारी, ती मोरेवस्तीत घोडक्यांच्या घरी गेली. ज्योतीराम घोडके मूळचा धाराशिवकडच्या भूमचा. कुरुळीला पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये कंत्राटावर होता. बायको मनकर्णा, मुलगी ईश्वरी, नऊ वर्षांची, तिसरीतून चौथीत गेलेली. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली.

"या ताई, बसा की. खुर्ची न्हाई हो, चटईवरच बसावं लागंल," मनकर्णा म्हणाली. तिनं साडीचा पदर दोनदा सारखा केला.

कनीज बसली आणि बसताबसताच तिला कळलं. खोली नको तितकी रिकामी होती. कोपऱ्यात भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रंगाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. त्याच्या बाजूला जाड पिनेचा, लाल दिव्याचा प्लग. फरशीवर चार गंजके ठिपके. फ्रीज सकाळपर्यंत तिथंच होता, निदान काल संध्याकाळपर्यंत तरी.

तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. ज्योतीराम किती वर्षं कंपनीत? सहा. कायम होण्याची आशा? ठेकेदार दर अकरा महिन्यांनी कागद बदलतो. मनकर्णा काही काम करते? "न्हाई, घरीच असते," मनकर्णा म्हणाली आणि खिडकीकडे बघितलं. फी थकली म्हणून ईश्वरीच्या शाळेनं यंदाचा निकाल अडवून ठेवला होता. बाकीच्या मुलांच्या हातात प्रगतिपुस्तकं होती त्या दिवशी तिला चित्रकलेच्या खोलीत बसवलं होतं. हे सांगताना मनकर्णाचा आवाज खरा होता. त्याबद्दल कनीजला शंका नव्हती.

ऊन कडक होतं. कनीजनं कपाळ पुसलं तशी ईश्वरी पटकन उठली. "ताई, गार पाणी आणू? शेजारच्या काकूंकडं आमचा फ्री..."

मनकर्णानं नुसतं बघितलं. ओरडली नाही, हातही उचलला नाही. पोरीनं तोंडातला शब्द गिळला. अक्षरशः गिळला; तिचा गळा हललेला कनीजला दिसला. मग ती हळूच म्हणाली, "माठातलं आणते," आणि माठाकडे वळून बराच वेळ पेला विसळत राहिली.

कनीज पाणी प्याली. टॅब उघडला, बाकीचे रकाने भरले, शेवटच्या रकान्यावर बोट नेलं आणि मागे घेतलं. "बघू, कळवते," म्हणून ती जिना उतरली.

त्या दिवशी आणखी पाच घरं बाकी होती. ती तिनं केली, पण कुठं काय विचारलं हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. शनिवारी ती मोशीच्या चौकात सिग्नल सुटला तरी उभी राहिली आणि मागच्या टेम्पोवाल्यानं तिचा उद्धार केला. रविवारी तिनं पातेली घासली, घासलेली पुन्हा घासली. इकबाल म्हणाला, "काय झालंय? कोणी काही बोललं का?" ती म्हणाली, "कुठं काय." टॅब कपाटावर ठेवला होता. जातायेता तिची नजर तिकडं जायची. ती तो खाली काढायची, घोडक्यांचा फॉर्म उघडायची, बंद करायची, परत वर ठेवायची. सोमवारी रविराजचा मेसेज आला: 'ताई, एक फॉर्म पेंडिंग दिसतोय. काही अडचण?' तिनं फोन पालथा ठेवला.

अडचण फ्रीजची नव्हती. फ्रीज लपवणारे तिनं डझनानं पाहिले होते. तिला छळत होता तो पोरीचा हललेला गळा. तो तिनं आधी कुठंतरी पाहिला होता, आणि कुठं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी सिदरा कॉलेजातून लवकर आली. कनीज डाळ निवडत होती. त्याच डाळीवरून तिसऱ्यांदा हात फिरवत होती. घरात त्यांची बोली हिंदी-मराठीची खिचडी असायची, पण महत्त्वाचं काही असलं की सिदरा सरळ मराठीत यायची.

"अम्मी, चार दिवस बघतेय मी. बोल ना."

कनीजनं घोडक्यांचं सगळं सांगितलं. चौकोन, प्लग, पाण्याचा पेला. सांगून झाल्यावर ती थांबली आणि मग म्हणाली, "तुला आठवतं का, सुमनताई पहिल्यांदा आपल्या घरी आल्या होत्या?"

सिदरानं बॅग खाली ठेवली. "आठवतं. पिको-फॉलचं मशीन तू शेजारच्या नसीम खालांकडं ठेवलं होतंस. त्यावर चादर टाकली होती. आणि मला सांगितलं होतंस, कुणी विचारलं अम्मी काय करते, तर म्हणायचं घरीच असते."

"तू सहा वर्षांची होतीस."

"म्हणून काय झालं? ताईंनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मला चॉकलेट दिलं. मी ते खाल्लंच नाही, माहितेय? दप्तराच्या मागच्या कप्प्यात वितळून गेलं." सिदरा हसायला गेली पण ते हसू जमलं नाही. "आणि नंतर शाळेत कुणी नवीन बाई वर्गाच्या दारात उभी राहिली ना, की मला वाटायचं आता आपल्याला उठवणार. सगळ्यांसमोर सांगणार की हिची आई मशीन चालवते, हिला बाहेर काढा. चौथी-पाचवीपर्यंत. माझ्या पोटात दुखायचं. तू मला डॉक्टर पाटलांकडं नेऊन जंताचं औषध द्यायचीस."

कनीजला ते औषध आठवलं. गुलाबी, चमच्यानं पाजायचं. ताट तिच्या मांडीवरून सरकलं आणि डाळ फरशीवर पसरली. दोघींपैकी कुणीच ती गोळा करायला वाकलं नाही.

"मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर शाळा सुटली असती ना," सिदरा म्हणाली, अगदी सहज, जणू अजून ती त्याच वयाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनीज संत तुकाराम नगरात गेली. सुमनताई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. एकाहत्तर वर्षांची बाई, पाठ अजून ताठ. कनीज खुर्चीवर बसलीच नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, आधी घोडक्यांचं, मग स्वतःचं. मशीन, चादर, सिदराला पढवलेलं वाक्य. तेरा वर्षं पोटात ठेवलेलं बोलून व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

सुमनताईंनी झारी खाली ठेवली. कनीजला वाटलं होतं, त्या म्हणतील, अगं जाऊ दे, जुनी गोष्ट. पण त्या कुंडीतली सुकी पानं खुडू लागल्या.

"त्या वर्षी आपल्याकडं तीनच जागा होत्या," शेवटी त्या म्हणाल्या. "संस्था तेव्हा म्हणजे मी आणि माझी पेन्शन. सिदरा तिसरी होती. चौथीला मी नाही म्हणाले."

"कुणाला?"

"ते आता विचारून काय करणार आहेस?"

"ताई, नाव सांगा."

"नाही सांगणार." त्यांचा आवाज चढला. "लपवणाऱ्याला दुसरी संधी नको, हे माझ्यासमोर टेबलावर हात आपटून कोण म्हणालं होतं, कनीज? त्या नियमानं गेली तीन वर्षं किती घरं बाद केली आपण? सात? आठ?"

"नऊ," कनीज म्हणाली.

"नऊ. आणि तू ती लिहून आणत होतीस." सुमनताई आत गेल्या. कनीज तशीच उभी. जावं की थांबावं ते तिला कळेना. दहा मिनिटांनी त्या चपला घालून, पर्स घेऊन बाहेर आल्या. "तो फॉर्म तू भरायचा नाहीस. या वर्षीच्या बाकी घरभेटीही तू करायच्या नाहीस. चल आता, स्कूटी काढ. मला घोडक्यांचं घर दाखव."

मोरेवस्तीचे तीन जिने सुमनताई कठडा धरून चढल्या. ज्योतीरामची दुसरी पाळी होती, म्हणून तो घरी होता. दोघींना दारात बघून त्याचा चेहरा पडला. मनकर्णानं हात जोडले आणि काही बोलायच्या आतच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बाई, आधी तो फ्रीज आणून जागेवर ठेवा," सुमनताई म्हणाल्या. "शेजारणीचं विजेचं बिल वाढत असेल."

मग ज्योतीराम उठला. शेजारच्या घरातून रंगराव नावाचे एक दांडगे गृहस्थ बनियनवरच आले आणि दोघांनी मिळून तो फ्रीज आडवातिडवा करत दारातून आत घेतला. जुना, एका बाजूनं पोचा आलेला. ठेवताना दार उघडलं आणि आत दिसलं ते बघून कनीजनं ओठ चावला. भाजी नाही, दूध नाही. खालपासून वरपर्यंत स्टीलचे डबे, आंबवलेल्या इडलीच्या पिठाचे.

"पहाटं उठून इडल्या करते," मनकर्णा खाली मान घालून म्हणाली. "कुरुळीच्या गेटावर हे नेतात सायकलीवर. पहिल्या पाळीची पोरं खातात. फ्रीज न्हाई तर उन्हाळ्यात पीठ टिकत न्हाई माय. लोकं म्हणले, फ्रीज दिसला की फारम फाडतेत. म्हणून मी..."

"लोकांनी बरोबर सांगितलं," सुमनताई म्हणाल्या. "फाडतच होतो आम्ही."

ईश्वरी भिंतीला टेकून उभी होती. सुमनताईंनी तिच्याकडे एकदा बघितलं. काहीतरी विचारायला त्यांचे ओठ उघडले आणि परत मिटले. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी पोरीला एकही प्रश्न विचारला नाही. जे काही विचारायचं ते त्यांनी आईबापांना विचारलं, पिठाचा धंदा धरून, आणि मनकर्णानं सगळं सांगितलं. एकदा तर तिनं ज्योतीरामचा आकडाही दुरुस्त केला.

ईश्वरीची अर्धी फी मंजूर झाली. पूर्ण नाही, तिच्यापेक्षा अडलेली घरं यादीत होती आणि सुमनताईंनी त्यात दयामाया केली नाही. शाळेनं निकाल दिला. रविराजनं शेवटचा रकाना काढून टाकला आणि वर एक सूचना घातली, की घरभेटीत मुलांना काहीही विचारू नये. बाद केलेल्या नऊ घरांना पत्रं गेली. त्यातली चार परत आली. माणसं खोल्या सोडून दुसरीकडे गेली होती, कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. ही पत्रं पाठवायचं काम सुमनताईंनी कनीजलाच दिलं होतं.

आणि जूनच्या एका दुपारी, पाकिटं चिकटवता चिकटवता, त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "ती चौथी, स्वप्नाली दरेकर. घरकुल वसाहतीत राहायचे. बाप हमाली करायचा."

कनीजला पत्ता काढायला नऊ दिवस लागले. दरेकर आता जाधववाडीत होते. ती गेली तेव्हा साडेचार वाजले होते आणि स्वप्नाली नुकतीच पहिल्या पाळीवरून परतली होती. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगात, समोर चहा आणि खारी. वीस वर्षांची, काटक, भराभर बोलणारी.

"बसा ना काकू. विम्याच्या का तुम्ही? कारण आमचा झालाय."

"नाही नाही. मी एका संस्थेतून... शाळेच्या फीचं काम करतो आम्ही." घरून निघताना कनीजनं जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक वाक्यही तिला आठवेना. "खूप वर्षांपूर्वी तुझा अर्ज आला होता आमच्याकडं. तू पहिलीत होतीस. एक ताई घरी आल्या होत्या."

"असेल," स्वप्नाली म्हणाली. "मला नाही आठवत. मी नगरपालिकेच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळेत होते. मस्त होती शाळा. दहावीला एकाहत्तर टक्के, मग आयटीआय. आता निघोजेला आहे, गाड्यांच्या वायरिंगचं काम. माझ्या हाताखाली बारा मुली आहेत." तिनं खारी चहात बुडवली. "का हो? आता देणार आहात का फी?"

ती गमतीनं म्हणाली होती. कनीज हसली, पण हसू तोंडावरच राहिलं. समोरच्या मुलीला काही हिरावल्याचं माहीतच नव्हतं. मग माफी मागायची तरी कशाची आणि कशाला? पोरीच्या चांगल्या चाललेल्या आयुष्यात उगीच खडा टाकायचा? आणि न सांगता उठायचं, तर आली कशाला होती?

"पण खरंच विचारते काकू," स्वप्नाली पुढे झुकली. "मोठ्यांना देतात का कुणी? मला डिप्लोमा करायचाय. कंपनीत सुपरवायझर व्हायला डिप्लोमा लागतो. इंग्रजीत असतं सगळं, तिथं माझी गाडी अडते. नाहीतर मी कधीच झाले असते."

"आमची फक्त दहावीपर्यंत," कनीज म्हणाली.

"बघा. माझं वयच चुकलं," स्वप्नाली म्हणाली आणि खळखळून हसली.

कनीजनं काही सांगितलं नाही. चहा प्याली, नंबर घेतला, निघाली. घरी येईपर्यंत तिनं दोनदा स्कूटी बाजूला घेऊन थांबवली, की परत जावं आणि सांगून टाकावं. दोन्ही वेळा ती पुढेच गेली.

सिदरा परीक्षेच्या वह्या पसरून बसली होती. कनीजनं पर्सही न काढता तिला सगळं सांगितलं, इंग्रजीपाशी गाडी अडते तेही. सिदराच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं.

"तिला सांगितलंस?"

"नाही. हिंमत झाली नाही. की सांगायचं नसतंच, कळत नाही मला."

"मला तिचा नंबर दे."

"काय बोलणार तू?"

"ते मला अजून माहीत नाही," सिदरा म्हणाली. तिनं फोन घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

कनीज बाहेरच्या खोलीत उभी राहिली. मग खिडकीपाशी गेली, तिथून ओट्यापाशी, ओट्यापासून पुन्हा दारापाशी. इकबाल आला, हातपाय धुऊन जेवायला बसला, त्यानं विचारलं, "कुणाशी बोलतेय ती एवढा वेळ?" कनीजनं त्याला भाकरी वाढली आणि भाजी वाढायची विसरली. आतून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, कधी सिदराचा, कधी बराच वेळ कुणाचाच नाही. पाऊण तास झाला. एकदा सिदरा मोठ्यानं हसली, की रडली, ते दाराआडून नीटसं कळलं नाही. कनीजनं दाराच्या कडीला हात लावला, काढून घेतला, आणि पुन्हा खिडकीकडे फेरी मारायला वळली.